फायटर्झ नवख्याला जमतो का? जमतो, पण आधी अडवायला शिका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: लहानपणी कार्टून नेटवर्कवर ड्रॅगन बॉल झी बघायचात, त्या ओढीने ड्रॅगन बॉल फायटर्झ हा मारामारीचा व्हिडिओ गेम घेतलात, एकट्याने खेळायचा गोष्टीचा भाग निभावला, पण ऑनलाइन सलग पंधरा सामने हरलात. तेव्हा हा गेम नवख्यांसाठी आहे की नुसता दिसायला देखणा, आणि खेळायचा तो मुरलेल्यांनीच?

नवख्यांसाठी आहे. पंधरा सामने हरण्याचं कारण बहुधा एकच असेल, आणि ते दुरुस्त होण्यासारखं आहे. गेम सुरुवातीला जे शिकवतो तेच तुम्ही करत होतात: धावून जायचं आणि बटण दाबत राहायचं. मीही पहिले दोन महिने तेच केलं. अडवायचं कसं, थांबायचं कधी, हे गेम आपणहून फारसं सांगत नाही. म्हणून उत्तर जरा सविस्तर लिहिते, कारण हा गेम मला मनापासून आवडतो आणि पंधरा सामन्यांनंतर कुणी तो सोडून दिला तर मला खरंच वाईट वाटेल.

आधी त्याच्या देखणेपणाबद्दल बोलायला हवं. तुम्ही देखणेपण एका बाजूला आणि खेळ दुसऱ्या बाजूला ठेवलात, पण या गेममध्ये ते दोन्ही एकमेकांना धरून आहेत.

फायटर्झ २०१८च्या जानेवारीअखेरीस बाजारात आला. बनवला जपानमधल्या योकोहामाच्या आर्क सिस्टम वर्क्सने, काढला बांदाई नामकोने. आर्कचे लोक वर्षानुवर्षं हाताने काढलेल्या चित्रांचे मारामारीचे गेम करत आले होते. २०१४ साली त्यांनी 'गिल्टी गिअर एक्सर्ड' आणला आणि भल्याभल्यांची नजर फसली. पडद्यावर दिसत होतं हाताने रंगवलेलं ॲनिमे, आणि आत होती चक्क त्रिमितीय मॉडेलं. मग मध्येच कॅमेरा पात्राभोवती गोल फिरायचा, तेव्हा कळायचं की हे सपाट चित्र नव्हतंच. २०१५ साली आर्कच्याच जुनया मोतोमुरा यांनी गेम बनवणाऱ्यांच्या परिषदेत ही युक्ती उलगडून सांगितली. फायटर्झमध्ये हीच पद्धत, फक्त जास्त ताकदीच्या इंजिनावर, म्हणजे गेम चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरवर.

त्या युक्तीतला मला सगळ्यात भावलेला भाग असा. संगणकाला दोन पोझ दिल्या की मधली हालचाल तो स्वतः भरून काढतो, आणि पात्र लोण्यासारखं गुळगुळीत हलतं. आर्कने ते बंद केलं. गेम सेकंदाला ६० फ्रेमने चालतो, पण पात्राची एक पोझ कित्येक फ्रेम तशीच गोठलेली राहते आणि मग एकदम पुढच्या पोझवर उडी घेते. टीव्हीवरचं ॲनिमे असंच असतं: सेकंदाला २४ फ्रेम, पण नवं चित्र दर दुसऱ्या किंवा तिसऱ्या फ्रेमला. प्रत्येक पोझ कलाकाराने हाताने बसवलेली. ठोसा पुढे येताना मूठ मोठी दिसावी म्हणून मॉडेलची मूठ खरोखरच फुगवलेली, चेहऱ्यावरची सावली चित्रकाराने काढल्यासारखी पडावी म्हणून प्रकाश प्रत्येक पात्रासाठी वेगळा लावलेला.

याचा खेळाशी काय संबंध? माझं मत असं की पोझ क्षणभर थबकते म्हणूनच ती डोळ्याला वाचता येते. समोरच्याने कुठला वार काढला हे तुम्हाला धूसर हालचालीतून ओळखायचं नसतं, गोठलेल्या चित्रातून ओळखायचं असतं. हात वर गेला म्हणजे वरून येणार, गुडघा वाकला म्हणजे पायावर येणार. सुरुवातीला सगळा नुसता उजेड आणि गोंगाट वाटतो, हे मान्य. पण महिनाभराने तुमच्या लक्षात येईल की हा गेम सतत तुम्हाला पुढचं सांगत असतो. बघायला मात्र थांबावं लागतं.

आता नियमांकडे वळते. दोन्ही बाजूंना तीन-तीन लढवय्ये. एक मैदानात, दोन बाहेर. बाहेरच्यांना क्षणभर मदतीला बोलावता येतं किंवा खेळता खेळता बदलता येतं. हे तीन विरुद्ध तीनचं वळण 'मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम २'च्या, म्हणजे २०००च्या सुमाराच्या परंपरेतलं. पण त्यावर ड्रॅगन बॉलचा जो साज चढवलाय तो वरवरचा नाही. सुपर डॅश हे बटण दाबलं की तुमचं पात्र हवेतून सरळ शत्रूच्या अंगावर झेपावतं, किरकोळ ऊर्जागोळे अंगावर घेत. व्हॅनिश केलं की अदृश्य होऊन त्याच्या पाठीमागे प्रकट होतं. मालिकेत हेच बघत आपण मोठे झालो ना? दोघं उडतात, गायब होतात, मागून लाथ बसते. जुन्या कित्येक गेममध्ये ही दृश्यं नुसती बघायला मिळायची. इथे ती तुमच्या बोटाखाली आहेत, आणि प्रत्येकीला काट आहे.

सामना चालू असताना ड्रॅगन बॉल गोळा होतात, हे तुमच्या लक्षात आलंय का? ठरावीक लांबीचे कॉम्बो, म्हणजे सलग जोडलेले वार, बसले की एकेक गोळा मिळतो. यात खुबी अशी की सातही गोळे दोघांच्या सामाईक खात्यात जमतात. सहा तुम्ही गोळा करा, सातवा शत्रूने मिळवला आणि त्याची की-ची, म्हणजे लढायच्या ऊर्जेची, पट्टी सातच्या सात भरलेली असली, तर हलक्या वाराच्या बटणाचा कॉम्बो पुरा करून इच्छा पुरवणाऱ्या शेनरॉन ड्रॅगनला तोच बोलावू शकतो. मग चारपैकी एक वर मागायचा: गेलेली ताकद भरून दे, मेलेला साथीदार जिवंत कर, अशा स्वरूपाचे. मालिकेतही सात गोळे जमवायचे एकाने आणि ऐन वेळी पळवायचे दुसऱ्याने, हे किती वेळा झालंय! मालिकेतला तो सगळा थरार त्यांनी एका नियमात बसवला.

पात्रांच्या बाबतीतही तसंच. कॅप्टन गिन्यूचा मोठा वार काय करतो? अंगाची अदलाबदल. खरोखरच तुमच्या हातात शत्रूचं पात्र येतं आणि त्याच्या हातात गिन्यू जातो. नाप्पा जमिनीत साइबामेन नावाचे छोटे राक्षस पेरतो. क्रिलिन जखमा भरून काढणारं सेन्झू बी देऊन साथीदाराला सावरतो. टीममध्ये नायक गोकू आणि त्याचा मित्र क्रिलिन, समोर खलनायक फ्रीझा, मैदान नामेक ग्रहाचं, असं जुळून आलं तर सामना सुरू होण्याआधी क्रिलिनचा मृत्यू आणि गोकूचं पहिल्यांदा सुपर सायान होणं, म्हणजे केस सोनेरी होऊन ताकद कैकपट वाढणं, पडद्यावर घडतं. ते मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कंट्रोलर खाली ठेवून बसले होते.

त्याला कारण आहे. सांगलीला आजोळी मे महिन्याच्या सुट्टीत मी आणि मामेभाऊ हिंदीतला ड्रॅगन बॉल झी बघायचो, आणि त्या काळी लोडशेडिंग होतं. नामेकची लढाई किती भाग चालली हे तुम्हाला आठवत असेलच. आमचे त्यातले निम्मे भाग अंधारात गेले. मालिका एकूण २९१ भागांची, त्यातले नेमके महत्त्वाचे हुकलेले. क्रिलिनचं काय झालं हे मला दुसऱ्या दिवशी शेजारच्या गल्लीतल्या मुलाने सांगितलं, आणि त्याने ते सांगितलं तसंच माझ्या डोक्यात वर्षानुवर्षं राहिलं. त्यामुळे फायटर्झमध्ये ते दृश्य इतक्या निगुतीने पुन्हा उभं केलेलं बघणं ही माझ्यासाठी साधी गोष्ट नव्हती. आवाजाची भाषा जपानी ठेवलीत तर गोकूला मासाको नोझावा यांचाच आवाज आहे. १९८६ सालच्या पहिल्या मालिकेपासून त्या हे काम करत आल्या, आणि गेम आला तेव्हा त्या ८१ वर्षांच्या होत्या. हिंदी आवाज गेममध्ये नाही, त्याची हुरहूर मला आजही वाटते.

गोष्टीच्या भागावर फार वेळ घालवू नका, एवढंच सांगते. सगळे लढवय्ये एका यंत्राच्या लहरींमुळे अशक्त झालेत, ही कल्पना छान आहे, कारण त्यामुळेच क्रिलिन आणि फ्रीझा एकाच मापात येतात. अँड्रॉइड २१ ही या गेमसाठी नव्याने घडवलेली बाईही लक्षात राहते. पण त्याच त्या नकली पात्रांशी पुन्हा पुन्हा लढताना हाताला चुकीची सवय लागते. संगणक अडवतच नाही, त्यामुळे आपल्याला वाटतं की धावून गेलं की काम फत्ते.

आता मूळ दुखणं. एकच बटण दाबत राहिलं की आपोआप पूर्ण कॉम्बो होतो, ही सोय चांगली आहे आणि तिला नावं ठेवणाऱ्यांशी मी सहमत नाही. विशेष वारांसाठीसुद्धा इथे अवघड फिरवाफिरवी नाही, बहुतेक ठिकाणी खालून पुढे किंवा खालून मागे असं पाव वर्तुळ फिरवलं की झालं. दार मुद्दाम रुंद ठेवलंय. पण ऑनलाइन समोर माणूस असतो, आणि तुमचा सुपर डॅश त्याने शंभरदा पाहिलेला असतो. खाली आणि जड वार एकत्र दाबले की प्रत्येक पात्र वरच्या बाजूला एक तडाखा देतं, त्यात डोकं सुरक्षित असतं. तुम्ही झेपावता, तो तेवढंच दाबतो, आणि मग तुमचं पात्र जमिनीला पाय लागायच्या आत अर्धमेलं होतं. तुमच्या पंधरापैकी निदान दहा सामन्यांत हेच झालं असणार.

म्हणून पहिला आठवडा फक्त अडवण्याला द्या. मी सांगते ते कंटाळवाणं वाटेल, पण करून बघा. ट्रेनिंग मोडमध्ये समोरच्या पात्राला तुम्ही स्वतः एक चाल शिकवून ठेवू शकता, ती ते पुन्हा पुन्हा करतं. त्याला दोन चाली शिकवा: एक पायावरचा हलका वार, दुसरी पुढे आणि मध्यम बटणाची वरून येणारी चाल. ती दुसरी चाल सगळ्यांकडे आहे आणि ती मुद्दाम संथ ठेवलेली आहे. दोन्ही आलटून पालटून येऊ द्या. तुम्ही खाली बसून मागची दिशा धरून ठेवायची, म्हणजे वार अडतो, आणि वरून येणारी दिसली तरच उभं राहायचं. उडी मारून केलेले वारही उभं राहूनच अडवायचे. दिवसाला दहा मिनिटं पुरेत. आठव्या-नवव्या दिवशी तुमचा अंगठा तुमच्या आधी उठेल.

मग एकेक भर घाला. मागे आणि विशेष बटण दाबलं की वार परतवला जातो आणि शत्रू लांब ढकलला जातो, त्यासाठी काही खर्च होत नाही. नवखे लोक हे वापरतच नाहीत, मीही कितीतरी उशिरा वापरायला लागले. हलकं आणि मध्यम एकत्र म्हणजे ड्रॅगन रश, तो अडवणाऱ्यालाच पकडतो, म्हणून नुसतं अडवत बसणाऱ्याला तो धडा आहे. तुमच्यावर आला तर तेच दोन बटण वेळेवर दाबून सोडवायचा. थोड्या वेळासाठी ताकद वाढवणारा स्पार्किंग ब्लास्ट सामन्यात एकदाच मिळतो आणि साथीदार जितके कमी उरले तितका जास्त टिकतो. तो पहिल्याच मिनिटात उधळू नका, शेवटच्या पात्रासाठी राखा.

कॉम्बोंचं म्हणाल तर तुमच्या तीन पात्रांचा प्रत्येकी एक साधा कॉम्बो हाताला बसला तरी भरपूर झालं. इंटरनेटवर लांबलचक कॉम्बो दिसतात, त्यांच्या मागे आत्ता लागू नका. मार बसल्याशिवाय कॉम्बो सुरू होत नाही, आणि समोरचा चुकल्याशिवाय मार बसत नाही. तो चुकेपर्यंत तुम्हाला जिवंत राहायचंय.

हे माझं एकटीचं खूळ नाही. २०१८च्या ऑगस्टमध्ये लास वेगासला इव्हो या मोठ्या स्पर्धेत फायटर्झला त्या वर्षीच्या सगळ्या गेममध्ये जास्त प्रवेशिका आल्या होत्या, अडीच हजारांवर. अंतिम फेरीत अमेरिकेचे सॉनिकफॉक्स आणि जपानचा गोइची. सॉनिकफॉक्स जिंकले, आणि त्यांची चढाई बघताना श्वास रोखला जातो. पण मी तुम्हाला गोइचीचे सामने बघायला सांगेन. त्याचं नाव झालं ते त्याच्या बचावासाठी. समोरून एकामागून एक वार येताहेत, मदतनीस येताहेत, किरण येताहेत, आणि त्याचं पात्र हात आडवे धरून शांत उभं. मग एका क्षणी फट सापडते. पुढच्या वर्षी, २०१९ला, इव्हो त्यानेच जिंकली, समोर पुन्हा सॉनिकफॉक्सच. ते दोन अंतिम सामने ओळीने बघा, एकदा चढाई करणाऱ्याकडे नजर ठेवून आणि एकदा अडवणाऱ्याकडे.

कशावर खेळता हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण त्याने बराच फरक पडतो. हा गेम सुरुवातीला ऑनलाइनमध्ये रखडायचा. समोरच्याचं बटण तुमच्यापर्यंत पोहोचेपर्यंत दोघांचाही खेळ मागे ओढला जायचा, आणि मी सांगितलेलं ते बघून उभं राहणं दूरच्या माणसाशी खेळताना जवळपास अशक्य व्हायचं. २०२४च्या फेब्रुवारीअखेरीस रोलबॅक आलं. यात गेम समोरच्याने काय दाबलं असेल याचा अंदाज बांधून पुढे चालू राहतो, आणि अंदाज चुकला तर मागे जाऊन गुपचूप दुरुस्ती करतो. तुमच्या बटणाला मात्र उशीर होत नाही. हे पीसी, प्लेस्टेशन ५ आणि नव्या एक्सबॉक्स सिरीजवर आहे. प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन आणि स्विचवर नाही. तुम्ही या तिघांपैकी एखाद्यावर पंधरा सामने हरला असाल तर त्यातले काही नेटवर्कच्या खात्यावर टाकायला हरकत नाही.

ते रोलबॅक आलं आणि जेमतेम आठवडा उलटला तोच, ८ मार्चला, ड्रॅगन बॉलचे निर्माते अकिरा तोरियामा गेल्याची बातमी आली. १ मार्चलाच ते गेले होते, ६८व्या वर्षी. मामेभाऊ आता बंगळूरला असतो. त्या रात्री आम्ही काही न ठरवता दोघंही ऑनलाइन आलो आणि नामेकचं मैदान लावून दीडपर्यंत खेळत राहिलो. त्याचा आवाज, त्याचा गोकू, आणि मध्ये कुठेही लॅग नाही. सांगलीतल्या त्या सुट्टीनंतर आम्ही इतका वेळ एकत्र बसलो नव्हतो.

तुम्हाला सगळी पात्रं हवी असतील, मोकळ्या मैदानात उडत डोंगर फोडायचे असतील, तर २०२४च्या ऑक्टोबरचा 'स्पार्किंग झीरो' बघा, त्यात सुरुवातीलाच १८२ पात्रं होती. तो मालिकेत वावरण्याचा आनंद देतो. फायटर्झमध्ये सुरुवातीला २४ होती, विकत घ्यायची धरून २०२२पर्यंत ४४ झाली, आणि त्यातल्या प्रत्येकाला शिकायला महिने जातात. मला हाच जास्त जवळचा वाटतो.

टीम निवडायला अडत असाल तर सुपर सायान गोकू पहिला ठेवा. त्याच्याकडे सगळं थोडं थोडं आहे आणि त्याच्यावर शिकलेलं इतरांवर चालतं. तिसऱ्या जागी असा कुणी ठेवा ज्याची मदत सरळ किरण सोडते, म्हणजे तुम्ही दबलेले असताना बोलावता येईल. मधला तुमच्या आवडीचा, मग तो मालिकेत कितीही कच्चा असू दे. माझा मधला म्हणजे 'यामचा' नावाचा लढवय्या. पुढचे पंधरा सामने खेळताना जिंकलो की हरलो ते लिहू नका. प्रत्येक सामन्यानंतर एवढंच लिहा की वरून येणारी चाल किती वेळा उभं राहून अडवली. पहिल्या दिवशी माझा आकडा एक होता.